जेलचा आकडा आणि वाळूचा प्रवास

प्रश्न थोडक्यात असा. उभ्या तेलविहिरीत क्रॉसलिंक केलेल्या (पॉलिमरच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना जोडलेल्या) ग्वार जेलने फ्रॅक केला, म्हणजे दाबाने खडकाला भेग पाडून ती उघडी राहावी म्हणून तिच्यात वाळू भरली. लॅबच्या कागदावर जेल २५० सेंटिपॉइजचं (हे दाटपणाचं, म्हणजे व्हिस्कॉसिटीचं एकक) होतं, २०/४० वाळू (२० आणि ४० नंबरच्या चाळण्यांमधली) ठरल्याप्रमाणे सगळी आत गेली, दाबानेही कुठे कुरकुर केली नाही. नंतरच्या ट्रेसर लॉगमध्ये (वाळूत मिसळलेल्या खुणेचा विहिरीतून घेतलेला माग) मात्र वाळू खालच्या अंगाला गोळा झालेली दिसली आणि वरचा जवळजवळ निम्मा थर कोरा. त्याच थरात जेमतेम २ सेंटिपॉइजच्या स्लिकवॉटरने (घर्षण कमी करणारा पॉलिमर घातलेलं पाणी) केलेल्या विहिरी बऱ्या चालल्यात. मग वाळू वाहून नेण्यात द्रवाच्या व्हिस्कॉसिटीचा हात नेमका किती, आणि बाकीच्या गुणधर्मांचा किती?

एक गोष्ट आधीच सांगतो. ट्रेसर लॉगला विहिरीच्या भिंतीपलीकडे हात-दीड हातापर्यंतचंच दिसतं. भेगेत पन्नास मीटर आत काय झालंय याबद्दल तो गप्प असतो. त्यामुळे सगळी वाळू तळाला गेली हा निष्कर्ष जरा घाईचा आहे. तरी तोंडाशीच वरचा भाग कोरा असेल तर तेवढंही वाईटच, कारण भेगेतलं सगळं तेल शेवटी त्याच तोंडातून विहिरीत येणार.

आता त्या २५० कडे वळू. असा आकडा समोर आला की मी पहिल्यांदा विचारतो: कोणत्या शिअर रेटला (द्रव किती वेगाने घुसळला जातो त्याचं दर सेकंदाचं माप), कोणत्या तापमानाला, आणि जेल बनल्यापासून किती मिनिटांनी मोजलं? या तीन गोष्टी सोबत नसतील तर तो आकडा शोभेपुरता. वाळूच्या कणाला तुमचा रिपोर्ट वाचता येत नाही. त्याच्या अंगाला त्या क्षणी, त्या जागी जो द्रव लागतो तेवढाच त्याला कळतो. तुमच्या कामात गडबड झाली ती बहुधा या दोन द्रवांच्या फरकात, असा माझा अंदाज आहे.

आधी साधं गणित करू. स्थिर द्रवात एकटा कण किती वेगाने बुडेल हे स्टोक्सच्या नियमाने काढता येतं. वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वाळू आणि द्रव यांच्या घनतेतल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि व्हिस्कॉसिटीच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. २०/४० चा कण ०.६ मिलिमीटरचा आणि घनता घनमीटरला २६५० किलो धरा. १०० सेंटिपॉइजच्या द्रवात तो सेकंदाला ३ मिलिमीटरच्या थोडा वर बुडतो, म्हणजे तासाला साधारण ११-१२ मीटर. १० सेंटिपॉइजमध्ये सेकंदाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास. साध्या पाण्याला हाच नियम लावलात तर सेकंदाला ३२ सेंटिमीटर असं उत्तर येईल, पण ते चुकीचं आहे. तिथे कणामागे भोवरे पडतात, नियमाची हद्द संपते आणि खरा वेग ८-१० सेंटिमीटरच्या घरात राहतो. ३० मीटर उंच भेगेत पाण्यातला कण पाच-सहा मिनिटांत तळाला टेकेल, १०० सेंटिपॉइजमधल्याला अडीच तासांवर लागतील.

या नियमात कोणता घटक किती जोर लावतो ते बघण्यासारखं आहे. द्रव जड करून, म्हणजे पाण्याऐवजी घनमीटरला ११५० किलोचं खारं पाणी वापरून, घनतेतला फरक १६५० वरून १५०० वर येतो. बुडण्याचा वेग जेमतेम ९ टक्क्यांनी कमी. त्यासाठी खर्च करणं मला कधी पटलं नाही. उलट २०/४० सोडून १०० मेशची बारीक वाळू घेतली, कण ०.१५ मिलिमीटरचा, तर साध्या पाण्यातही तो सेकंदाला दीडेक सेंटिमीटरच बुडतो. वेग सहापट कमी, द्रवाला हातही न लावता. स्लिकवॉटरच्या यशाचं अर्धं श्रेय द्रवाला दिलं जातं, ते खरं तर या बारीक वाळूचं आहे.

आता शिअर. ग्वारचं जेल पाण्यासारखं साधं नाही. जितकं घुसळाल तितकं पातळ वागतं, थांबलात की पुन्हा दाट होतं. लॅबमध्ये सेकंदाला १०० या शिअर रेटला मोजण्याची रीत आहे, लिनिअर, म्हणजे क्रॉसलिंक न केलेलं, जेल साइटवर तपासताना साध्या व्हिस्कोमीटरच्या ३०० फेऱ्यांवर वाचतात, तो शिअर रेट ५११ येतो. भेगेत काय असतं? मिनिटाला ४ घनमीटरचा दर, त्यातला निम्मा भेगेच्या एका पंखात, म्हणजे विहिरीच्या एका बाजूला, भेग ३० मीटर उंच आणि ६ मिलिमीटर रुंद, असं धरलं तर भिंतीशी शिअर रेट १८० च्या पुढे जातो. भेगेच्या मध्यभागी तो शून्याकडे येतो. आणि बुडणारा कण स्वतःभोवती जो शिअर निर्माण करतो तो सेकंदाला पाचेकच असतो. मग कणाला लागणारी व्हिस्कॉसिटी कोणती? पॉवर लॉ (शिअर वाढेल तशी व्हिस्कॉसिटी कशी घटते त्याचं घातांकी सूत्र) लावला तर १०० ला २५० देणाऱ्या, घातांक ०.५ असलेल्या जेलचं हिशोबी उत्तर ५ च्या शिअरला ११०० सेंटिपॉइजवर जातं आणि १८० ला १८५ वर येतं. सहापट फरक, एकाच जेलमध्ये, एकाच भेगेत.

अनेक जण इथे दोन चुका करतात. पहिली, पॉवर लॉची रेघ कमी शिअरकडे बिनदिक्कत वाढवत नेतात. कागदावर शिअर शून्याकडे गेला की व्हिस्कॉसिटी अनंताकडे जाते, म्हणजे वाळू लटकूनच राहणार! लिनिअर जेलमध्ये असं होत नाही. एका मर्यादेखाली त्याची व्हिस्कॉसिटी सपाट होते आणि कण बुडत राहतात. दुसरी चूक उलटी: बरणीत स्थिर जेलमध्ये वाळू तासभर टिकली म्हणून भेगेतही टिकेल असं समजतात. वाहत्या जेलमध्ये कणाभोवतीचा द्रव आधीच घुसळला गेलेला असतो, त्यामुळे तिथे कण बरणीतल्यापेक्षा वेगाने बुडतात.

तुमच्या कामातला संशयित मात्र मला शिअरपेक्षा वेळ वाटतो. व्हिस्कॉसिटी टिकायला हवी ती पंप थांबेपर्यंत नाही, भेग मिटेपर्यंत. या दोन वेळांत घट्ट खडकात तासांचं अंतर पडू शकतं, कारण द्रव खडकात झिरपल्याशिवाय भेग मिटत नाही आणि घट्ट खडकात तो झिरपतच नाही. पंप बंद झाला की आडवा प्रवाह संपतो, वाळूला पुढे ढकलणारं काही उरत नाही आणि गुरुत्वाकर्षण तेवढं कामावर राहतं. द्रव थराच्या तापमानाला पोचत असतो, ब्रेकर, म्हणजे जेल मोडणारं रसायन, नेमून दिलेलं काम करत असतो. जेल २० सेंटिपॉइजवर आलं असेल तर ०.६ मिलिमीटरचा कण ३० मीटर खाली जायला अर्धा तास पुरतो. पंपिंगचा दाब शांत होता हे इथे काहीच सिद्ध करत नाही. वाळू भेगेच्या तोंडाशी अडकली तर दाब चढतो, स्क्रीनआउट होतो. ती गुपचूप तळाला बसत गेली आणि वरून द्रवाला वाट मोकळी राहिली तर दाब शहाण्या मुलासारखा राहतो.

हे मी पोळून शिकलो आहे. एका कामात तळाचं तापमान १२० अंशांवर होतं. साइटवर दर पाच मिनिटांनी बरणीत नमुना घेत होतो. जेल बरणीच्या कडेवरून जिभेसारखं बाहेर लोंबायचं आणि पुन्हा आत ओढलं जायचं, बघणारे खूश. जेलला उष्णतेत टिकवणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचा पुरवठा मधेच बंद पडला होता हे संध्याकाळी टाकीची पातळी मोजल्यावर कळलं. थंड बरणीला त्याचा पत्ताही लागला नव्हता. काम कागदोपत्री शंभर टक्के पूर्ण, विहीर मात्र अपेक्षेच्या निम्म्यावर. तेव्हापासून बरणीतल्या जिभेवर मी विश्वास ठेवत नाही. क्रॉसलिंक झालं की नाही एवढंच ती सांगते.

क्रॉसलिंकच्या रसायनाचाही इथे थेट संबंध येतो. बोरेटचे दुवे सुटतात आणि पुन्हा जुळतात. ट्युबिंगमध्ये (विहिरीत उतरवलेल्या नळीत) कितीही घुसळलं गेलं तरी भेगेत पोचल्यावर ते जेल सावरतं. त्याची खोड अशी की त्याला अल्कधर्मी पाणी लागतं, पीएच साधारण ९.५ ते ११, आणि तापमान वाढलं की उपयोगी बोरेट आयन कमी होतात. म्हणून गरम विहिरीसाठी पीएच चढा ठेवावा लागतो. आणखी एक, जे लॅबच्या रिपोर्टात दिसत नाही: मोठ्या दाबाखाली बोरेटचे दुवे सैल पडतात. लॅबच्या व्हिस्कोमीटरमध्ये दाब असतो तो पाणी उकळू नये इतपतच, तळाचा दाब त्याच्या कित्येक पट. झिर्कोनियम किंवा टायटॅनियमचे दुवे उष्णतेला जास्त टिकाव धरतात, पण एकदा घुसळण्यात तुटले की पुन्हा नीट जुळत नाहीत. ते लवकर क्रॉसलिंक झाले तर ट्युबिंगमध्येच त्यांचा चुरा होतो, म्हणून क्रॉसलिंक उशिरा होईल अशी योजना करावी लागते. उशीर फार झाला तर भेगेच्या तोंडाशी जेल अजून पातळच असतं आणि वाळू तिथेच खाली बसते. तोंडाशी वरचा भाग कोरा राहण्याचं हेही एक कारण तुमच्या यादीत असू द्या.

आता व्हिस्कॉसिटीइतकाच महत्त्वाचा, पण कमी बोलला जाणारा गुण: लवचिकपणा. क्रॉसलिंक जेलला थोडं ओढून सोडलं तर ते मागे येतं. ही स्प्रिंगसारखी ताकद ऱ्हिओमीटरमध्ये जी-प्राइम म्हणून मोजतात, आणि द्रवासारखं वाहून जाण्याचा भाग जी-डबल-प्राइम म्हणून. सावकाश हलवतानाही पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा राहिला तर जेल कणाला खऱ्या अर्थाने धरून ठेवतं. कण बुडतो ती क्रियाही सावकाशीचीच, म्हणून कमी फ्रीक्वेन्सीचं मोजमाप बघायचं. याचा उत्तम पुरावा व्हिस्कोइलॅस्टिक सरफॅक्टंटच्या द्रवांनी दिला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे द्रव फ्रॅकिंगमध्ये आले. त्यात पॉलिमर नसतो, साबणासारखे रेणू एकत्र येऊन गांडुळासारख्या लांब साखळ्या करतात आणि त्या एकमेकींत गुंततात. त्यांची मोजलेली व्हिस्कॉसिटी ग्वार जेलपुढे मामुली, तरी वाळू छान तोलून धरतात. तेल लागलं की साखळ्या आपसूक मोडतात, मागे गाळ राहत नाही. पण भिंतीवर थर न धरल्याने ते सच्छिद्र खडकात झिरपून जातात आणि जास्त तापमानात दम तोडतात.

लवचिकपणाची दुसरी बाजूही आहे. घुसळल्यावर पातळ होणाऱ्या लवचिक द्रवात पहिला कण जी वाट करून जातो ती काही काळ पातळच राहते, आणि मागचे कण त्याच वाटेने घसरतात. कण एकमेकांजवळ येतात, रांगा आणि पुंजके बनतात. पुंजका म्हणजे जणू मोठ्या व्यासाचा कण, आणि व्यासाचा तर वर्ग लागतो. एकट्या कणाचं गणित इथे फसतं. शिवाय प्रवाहात असे कण भेगेच्या मध्याकडे सरकतात, जिथे वेग सर्वाधिक असतो. वाळू मग द्रवाच्या सरासरीपेक्षा पुढे धावते, द्रव मागे राहतो, आणि टोकाकडे वाळूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढतं.

प्रमाणाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. घनमीटर द्रवात ४८० किलो वाळू घातली की मिश्रणाच्या आकारमानाचा १५ टक्के भाग वाळूच असते. कण खाली जाताना द्रवाला वर सरकावं लागतं आणि गर्दीत प्रत्येकाची चाल मंदावते. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ मध्ये दिलेल्या सूत्राने पाहिलं तर या गर्दीत बुडण्याचा वेग एकट्या कणाच्या निम्म्याखाली येतो. ही चांगली बातमी. वाईट बातमी अशी की त्या मिश्रणाची घनता १२५० च्या आसपास झाली, आणि पुढे भेगेत आहे ते पॅडचं, म्हणजे आधी वाळूशिवाय सोडलेलं, १००० चं जेल. जड मिश्रण हलक्या जेलखाली अख्खंच्या अख्खं घसरू शकतं. इथे कण द्रवात बुडतच नाहीत, द्रवासकट खाली जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा मुद्दा पुढे आला आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. माझं मत असं: रुंद, उंच भेगेत आणि पुढचं जेल आधीच पातळ झालेलं असताना हे नक्की घडतं, अरुंद भेगेत त्याला फारसा वाव नसतो. तुमची पर्फोरेशन (विहिरीच्या नळीला पाडलेली छिद्रं) थराच्या वरच्या भागात होती का, हे मला माहीत करून घ्यायला आवडेल.

रुंदीचा विषय व्हिस्कॉसिटीला वेगळ्याच बाजूने जोडलेला आहे. दाट द्रव वाळूला तोलून धरतोच, शिवाय भेगेचा आकारही तोच ठरवतो. नेहमीच्या मॉडेलमध्ये रुंदी व्हिस्कॉसिटीच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात वाढते. व्हिस्कॉसिटी शंभरपट केली की रुंदी सुमारे तिप्पट. कण सुखाने आत शिरायला रुंदी त्याच्या व्यासाच्या अडीच-तीनपट तरी लागते, त्यामुळे जाड वाळूला जेल हवंच. पण रुंदीबरोबर दाबही वाढतो, आणि वर-खालचे थर कच्चे असतील तर भेग उंचीत पळते. तुमच्या जेलने भेग खालच्या निकामी थरात उतरवली असेल तर वाळू तिथे बुडून गेली असं म्हणण्यापेक्षा तिला तिथे जागा करून दिली गेली असं म्हणावं लागेल. जेल दाट केल्याने वाळूची पोच सुधारण्याऐवजी बिघडली, अशी कामं मी पाहिली आहेत.

आता स्लिकवॉटर. पाण्यात थोडा पॉलिअॅक्रिलामाइड टाकायचा, हजार लिटरला अर्धा ते दोन लिटर इमल्शन, की पाइपमधलं घर्षण ६० ते ७० टक्क्यांनी कमी होतं आणि प्रचंड दराने पंप करता येतं. वाळू तोलून धरणं हा याचा हेतूच नाही. मग वाळू पुढे जाते कशी? १९५९ मध्ये कर्न, पर्किन्स आणि वायंट यांनी दोन समांतर काचांमधून वाळू-पाणी सोडून हे दाखवलं होतं. वाळू आधी तोंडाशी बसते आणि तिची टेकडी होते. टेकडी चढते तशी वरची वाट अरुंद होते, पाण्याचा वेग वाढतो. एका उंचीला वेग इतका होतो की आलेला कण बसू शकत नाही, तो टेकडीवरून घरंगळत, उड्या मारत पलीकडच्या उतारावर पडतो. टेकडी मग उंच न होता लांब होत जाते. नदीच्या वाळवंटात किंवा वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्यांत जे घडतं तेच हे.

यातून एक गमतीचा फरक निघतो. जेलमध्ये जी वाळू पहिल्यांदा आत जाते ती सर्वांत लांब पोचते. स्लिकवॉटरमध्ये पहिली वाळू तोंडाजवळ बसते आणि नंतरची तिच्या डोक्यावरून पुढे जाते. त्यामुळे बारीक वाळू आधी, जाड नंतर, हे जेलचं वेळापत्रक स्लिकवॉटरला जसंच्या तसं चिकटवलं तर जाड वाळू कुठे जाऊन पडेल याचा नीट विचार करावा लागतो. इथे व्हिस्कॉसिटीपेक्षा वेगाचं राज्य असतं. दर कमी केलात की टेकडी उंच होते आणि वाट बुजते.

आणि त्या विहिरी बऱ्या चालल्या याचं कारण वाळू छान पोचली हेच असेल असं नाही. टेकडीच्या माथ्यावर भेग पूर्ण मिटत नाही, एक कमानीसारखी पोकळी उरते. फार घट्ट खडकात तेवढी वाट आणि बारीक वाळूचा पातळ थरसुद्धा पुरतो, कारण खडक देतोच थेंबथेंब. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जीने महागडं जेल सोडून स्लिकवॉटर घेतलं आणि ते चाललं, ते अशाच खडकात. तुमचा थर जरा बऱ्या पारगम्यतेचा असेल तर त्याला भेगेत खरी वाहती वाट लागते आणि तिथे स्लिकवॉटरचं उदाहरण लागू पडत नाही. शिवाय पातळ द्रवाने भेग उंचीत कमी पळते, वाळूला बुडायला मुळात अंतरच कमी मिळतं. दोन विहिरींची तुलना करताना दोन्ही भेगांची उंची एकच धरली असेल तर ती तुलना बाजूला ठेवा.

हल्ली मधला मार्ग म्हणून जास्त मात्रेचा फ्रिक्शन रिड्यूसर, म्हणजे तोच घर्षण कमी करणारा पॉलिअॅक्रिलामाइड, वापरतात, हजार लिटरला चार ते आठ लिटर. त्याला बऱ्यापैकी लवचिकपणा येतो आणि ग्वारइतका गाळ राहत नाही. त्याचा शत्रू म्हणजे खारं पाणी. पॉलिअॅक्रिलामाइडच्या साखळीवरचे ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात म्हणून ती ताणलेली राहते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आले की ते भार झाकले जातात, साखळी गुंडाळून गोळा होते आणि द्रव पुन्हा पाण्यासारखा. विहिरीतून निघालेलं पाणी पुन्हा वापरत असाल तर गोड्या पाण्यावरची व्हिस्कॉसिटी तुमच्या उपयोगाची नाही. ग्वारलाही पाण्याच्या अशाच तक्रारी आहेत: बायकार्बोनेट जास्त असेल तर भुकटी नीट फुगत नाही, पाण्यात आधीच बोरॉन असेल तर क्रॉसलिंक नको तेव्हा सुरू होतं, आणि टाकीत जंतू असतील तर रात्रीत जेलचं पाणी होतं, कारण ग्वार म्हणजे गवारीच्या बियांतली बहुशर्करा, जंतूंना ती आवडतेच.

फोमबद्दल दोनच वाक्यं. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे एकमेकांना टेकतील इतके, म्हणजे आकारमानाने साधारण ५२ टक्क्यांवर, असतील तर ते जाळीसारखे वाळूला धरतात आणि व्यवहारात ६० ते ८० टक्के ठेवतात. त्याखाली गेलात तर ते नुसतं बुडबुड्यांचं पाणी.

विहीर आडवी असती तर मी भेगेआधी पाइपबद्दल बोललो असतो. साडेपाच इंची केसिंगमध्ये मिनिटाला १६ घनमीटर म्हणजे सेकंदाला २४ मीटरचा वेग. पहिल्या क्लस्टरपाशी, म्हणजे छिद्रांच्या पहिल्या गटापाशी, द्रव पटकन वळून छिद्रात जातो, जड कण मात्र आपल्या जोमात पुढे निघून जातो. टोकाकडे वेग घटत जातो आणि तिथे कण पाइपच्या तळाशी सरकून खालच्या छिद्रांत जास्त जातात. दाट द्रव कणाला सोबत वळवतो, पातळ द्रव नाही. आणि फ्रिक्शन रिड्यूसर घर्षण कमी करतो ते पाइपमधली खळबळ दाबून, तीच खळबळ जी वाळूला वर उचलून ठेवत असते. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने थोडं काढून घेतलं जातं.

ब्रेकरशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. १९४७ साली कॅन्ससच्या ह्यूगोटन वायूक्षेत्रात पहिला प्रयोग झाला तेव्हा नेपामने (पेट्रोल दाट करणाऱ्या साबणासारख्या पदार्थाने) घट्ट केलेलं पेट्रोल आत सोडलं होतं, आणि मागोमाग जेल मोडणारा द्रवही. म्हणजे दाट करणं आणि वेळेवर पातळ करणं हे जोडकाम पहिल्या दिवसापासूनचं आहे. ग्वारमध्ये ६ ते १० टक्के न विरघळणारा गाळ असतो, आणि पाणी खडकात झिरपलं की पॉलिमर मागे राहून भेगेत कित्येक पट घट्ट होतो. तो मोडला नाही तर वाळू जागेवर राहूनही तेलाला वाट मिळत नाही. या भीतीने लोक परसल्फेट हा ब्रेकर हात सैल सोडून टाकतात, ६० अंशांच्या पुढे ते झपाट्याने काम करतं, आणि जेल भेग मिटायच्या आधीच मोडतं. आवरण घातलेला ब्रेकर याच अडचणीवर निघाला. भेग मिटताना आवरण चिरडलं जाईपर्यंत तो बऱ्यापैकी आवरून राहतो.

पुढच्या विहिरीला मी काय करेन ते सांगतो. मुख्य कामाआधी छोटी चाचणी पंप करून दाबाच्या उताराच्या आलेखावरून भेग मिटायला किती वेळ लागतो ते काढेन. पंपिंगची मिनिटं आणि हा वेळ, दोन्ही मिळवून तेवढ्या काळाची चाचणी लॅबला करायला लावेन: साइटवरच्याच पाण्यात, ब्रेकरसकट, आधी ट्युबिंगइतकं घुसळून, मग तळाच्या तापमानाला, आणि १०० सोबत कमी शिअर रेटचे आकडेही. पंपिंगपर्यंत २५० आणि तासाभराने ३० असा आलेख आला तर तुमचं उत्तर मिळालं. जुन्या कामाचा ब्रेकर तक्ता आणि दाबाचा उतार तुमच्याकडे असेलच, हा हिशोब त्यावर आजच करून बघता येईल. भेग उंचीत पळाल्याची शंका असेल तर पॅड पातळ ठेवून वाळू वाहणारं जेल त्यामागे पाठवेन. दाट द्रव पातळाला सरळ रेषेत ढकलतो. उलट क्रम लावू नका, दाट जेलमागे पातळ द्रव आला की तो त्यात बोटं घालत घुसतो आणि वाळू मागेच सांडते. ब्रेकरची मात्रा वाळूच्या टप्प्यागणिक बदलेन, पहिल्या टप्प्यात सर्वांत कमी, कारण ते जेल भेगेत सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त उष्णतेत राहणार, आणि शेवटच्यात सर्वांत जास्त. भेग मिटेपर्यंत त्या तापमानाला १०० सेंटिपॉइजच्या खाली यायचं नाही, आणि मिटल्यानंतर काही तासांत १० च्या खाली गेलंच पाहिजे, या दोन अटी मी लॅबला लेखी देईन.